उत्तर : १६ तास ४० मिनिटं

पावसाळ्यातली रात्र होती. आमच्या सरकारी रुग्णालयातून न्यूमोनियाच्या एका रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं होतं. त्याला मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन चालू होता. मधे घाट, रस्ता किमान दीड तासाचा. अॅम्ब्युलन्समधला छोटा सिलिंडर पुरेल का, ते बघायला मी इंटर्नला पाठवलं. मुलगा हुशार. 'नीट'ला फिजिक्समध्ये उत्तम गुण मिळवलेला. त्याने गेजवरचा आकडा पाहिला, केसपेपरच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली आणि म्हणाला, "पुरेल सर. १६ तास ४० मिनिटं चालेल."

मी कागद हातात घेतला. सिलिंडरचं आकारमान १० लिटर, दाब १०००, म्हणून ऑक्सिजन १०,००० लिटर. त्याला १० ने भागलं की १००० मिनिटं. सूत्र बरोबर होतं आणि भागाकारही बरोबर होता.

"अरे, एका छोट्या सिलिंडरवर साडेसोळा तास? तसं असतं तर २०२१च्या एप्रिलमध्ये आम्ही रात्र-रात्र सिलिंडर मोजत कशाला बसलो असतो?"

तो दचकला आणि पुन्हा अॅम्ब्युलन्सकडे धावला. गेजवर दोन पट्ट्या होत्या. एक 'पीएसआय'ची, म्हणजे दर चौरस इंचावर किती पाउंड याची. दुसरी दर चौरस सेंटिमीटरवर किती किलो, याची. त्याने पहिल्या पट्टीवरचा आकडा वाचून दुसऱ्या पट्टीचं गणित केलं होतं. दुसऱ्या पट्टीवर काटा ७० वर होता. दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब. तापमान तेच असेल तर दाब जितक्या पटींनी कमी होतो, तितक्या पटींनी वायू पसरतो, हा बॉइलचा नियम. म्हणजे १० गुणिले ७०, असे ७०० लिटर. मिनिटाला १० लिटरप्रमाणे ७० मिनिटं. रस्ता होता ९० मिनिटांचा.

आम्ही दोन भरलेले सिलिंडर सोबत दिले. घाटात एक ट्रक बंद पडला होता आणि अॅम्ब्युलन्स पोहोचायला दोन तासांच्या वर लागले. रुग्ण सुखरूप पोहोचला आणि पुढे बरा होऊन घरी गेला. पण त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. मुलगा आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता. अकरावी-बारावीत त्याने अशी हजारो गणितं सोडवली असणार. मग १६ तास ४० मिनिटं हे उत्तर त्याला खटकलं का नाही?

'डॉक्टरला फिजिक्स कशाला?'

हा प्रश्न माझी भाची मला दर रविवारी विचारते. ती अकरावीत आहे. तिला डॉक्टर व्हायचंय आणि फिजिक्सच्या गृहपाठाचा तिला मनापासून कंटाळा आहे. तिला मी सांगतो की, ज्यांची नावं तुला पाठ करावी लागतात त्यांच्यातले काही जण आमच्याच व्यवसायातले होते. अरुंद नळीतून द्रव किती वेगाने वाहील, याचा नियम देणारे प्वाझ्यो हे फ्रेंच डॉक्टर. त्यांना रक्तवाहिन्यांतलं रक्त कसं वाहतं, ते समजून घ्यायचं होतं. वाहत्या द्रवाच्या दाबाचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते डॅनिएल बर्नुली वैद्यकशास्त्राचेही पदवीधर होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार मांडणारे मायर आणि हेल्महोल्ट्झ हे दोघेही डॉक्टरच.

हा इतिहास ऐकून भाचीचा कंटाळा काही गेला नाही. मग एका रविवारी मी तिच्या वहीतलंच एक गणित घेतलं. अकरावीच्या पुस्तकांत हमखास सापडणारं आहे ते. रक्त चढवताना ज्या शिरेत सुई आहे, तिथला दाब २००० पास्कल आहे. रक्ताची पिशवी किती उंचीवर टांगली म्हणजे रक्त शिरेत जेमतेम शिरू लागेल?

तिने उत्तर लिहिलं होतं, ०.१९ मीटर. म्हणजे १९ सेंटिमीटर, वीतभर. बरोबर होतं. मी विचारलं, "मग आमच्या वॉर्डात पिशवी चांगली मीटरभर वर का टांगतात? वीतभर उंचीवर काम भागत असेल तर एवढा उंच स्टँड कशाला?"

ती गप्प झाली. उत्तर मोबाइलवरून उतरवलं होतं, हे तिने थोड्या वेळाने कबूल केलं. मी रागावलो नाही. आमच्या वेळी मोबाइल नव्हता, पण गाइड होतं आणि पुस्तकाच्या शेवटी उत्तरं होती. उत्तर पाहून मागे मागे जात ते 'आणायचं', ही कला मीही बारावीत आत्मसात केली होती.

आम्ही दोघांनी ते गणित पुन्हा मांडलं. आधी चित्र काढलं : हात, शीर, नळी, पिशवी. मग प्रश्नातल्या 'जेमतेम' या शब्दाखाली रेघ मारली. १९ सेंटिमीटरला रक्ताच्या स्तंभाचा दाब आणि शिरेतला दाब समसमान होतात. म्हणजे रक्त आतही जाणार नाही आणि बाहेरही येणार नाही. ते वाहायला हवं तर जास्तीचा दाब हवा आणि बारीक सुईतून पुरेशा वेगाने वाहायला आणखी हवा. म्हणून पिशवी मीटरभर वर.

"आणि एक्स-रेला नेताना नातेवाईक सलाईनची बाटली पेशंटच्या बाजूला आडवी ठेवतात, तेव्हा नळीत रक्त उलटं का येतं?" मी विचारलं.

"कारण उंची वीतभरापेक्षा कमी झाली!" ती उडालीच. त्या क्षणापर्यंत ते सूत्र तिच्यासाठी तीन अक्षरं होती.

हजार गणितं आणि एक समज

शिक्षण-संशोधकांनी या प्रश्नाचा बराच अभ्यास केला आहे. दक्षिण कोरियातल्या किम आणि पाक या दोघांनी २००२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या विद्यार्थ्यांनी फिजिक्सची प्रत्येकी ३०० ते २९०० गणितं सोडवलेली होती. सरासरी होती सुमारे दीड हजार. तरीही बल, वेग, त्वरण या मूलभूत संकल्पनांबद्दलचे त्यांचे घोटाळे कायम होते. जास्त गणितं सोडवलेल्याची समज जास्त, असंही फारसं दिसलं नाही.

त्याआधी १९८१मध्ये अमेरिकेत मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. फिजिक्सच्या पुस्तकातली २४ गणितं वेगवेगळ्या कार्डांवर लिहिली आणि ती न सोडवता फक्त गटांत लावायला सांगितली. नवख्या विद्यार्थ्यांनी उताराची गणितं एका गटात, स्प्रिंगची दुसऱ्या गटात, कप्पीची तिसऱ्या गटात लावली. पीएचडी करणाऱ्यांनी मात्र उतार आणि स्प्रिंग एकाच गटात टाकले, कारण दोन्ही गणितं ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटत होती. नवख्यांना चित्रातल्या वस्तू दिसत होत्या. अनुभवींना त्यामागचा नियम दिसत होता.

हे वाचताना मला आमची ओपीडी आठवली. दम लागणारे चार रुग्ण रांगेत बसलेले असतात. वरवर एकच तक्रार. पण एकाचं हृदय कमकुवत झालेलं असतं, एकाला दमा असतो, एकीचं हिमोग्लोबिन पाचावर आलेलं असतं आणि एकाची किडनी निकामी होत असते. नवीन डॉक्टर 'दम' या एका गटात चौघांना बसवतो आणि चौघांना नेब्युलायझर लावतो. लक्षणामागचं कारण ओळखणं हीच आमची विद्या, आणि तिची पहिली तालीम अकरावीच्या त्या कंटाळवाण्या गणितांत होऊ शकते. ती नीट सोडवली तर.

नीट म्हणजे कशी?

रुग्ण तपासताना आम्ही एक क्रम पाळतो. गणितालाही तोच लागू पडतो.

पहिलं, चित्र काढा. कितीही सोपं गणित असो. बल कुठल्या दिशेला आहे, उंची कुठून मोजायची, हे चित्रातच कळतं. तपासणी न करता औषध लिहू नये, तसं चित्र न काढता सूत्र लिहू नये.

दुसरं, काय दिलंय आणि काय विचारलंय, ते एककांसकट लिहा. नुसतं '१०००' लिहिणं म्हणजे नुसतं 'ताप १०२' लिहिण्यासारखं. फॅरनहाइट की सेल्सियस? आमच्याकडे मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्यात हजारपटीचा फरक असतो आणि चूक झाली तर ती लाल शाईने दुरुस्त करता येत नाही.

तिसरं, कुठला नियम वापरणार आणि का, हे एका वाक्यात मराठीत लिहा. 'तापमान बदलत नाही, म्हणून बॉइल.' 'घर्षण नाही, म्हणून ऊर्जा अक्षय्य.' या 'म्हणून'मध्येच सगळं फिजिक्स असतं. हे वाक्य लिहिता आलं नाही, तर सूत्र अंदाजाने उचललंय असं समजा.

चौथं, आकडे शक्यतो शेवटी घाला. तोपर्यंत अक्षरांतच सोडवा. चूक कुठे झाली, ते शोधणं सोपं जातं.

पाचवी पायरी बहुतेक मुलं गाळतात आणि माझ्या इंटर्ननेही तीच गाळली होती. उत्तर आल्यावर थांबा आणि विचारा : असं असू शकतं का? पूर्ण भरलेला छोटा सिलिंडर १५० दाबाचा, म्हणजे त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. मग न भरलेल्या सिलिंडरमध्ये १०,००० लिटर कुठून येतील? हे विचारायला दहा सेकंद लागतात.

आणि अडलं तर? अडणं चांगलं आहे. दहा-पंधरा मिनिटं अडून राहा. मग सोडवलेलं उत्तर उघडा, पण फक्त पहिली ओळ वाचा आणि पुन्हा प्रयत्न करा. पूर्ण उत्तर वाचावंच लागलं, तर प्रत्येक ओळीला 'हे का?' असं स्वतःला समजावून सांगा. १९८९मध्ये मिशेलिन ची यांच्याच गटाला दिसलं की, चांगले विद्यार्थी सोडवलेली उदाहरणं वाचताना असं स्वतःशी बोलतात आणि 'इथे मला कळलं नाही' हे त्यांना लगेच कळतं. कच्च्या विद्यार्थ्यांना मात्र सगळं समजल्यासारखंच वाटत राहतं. म्हणून वही मिटा आणि तेच गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर करा. उतरवलेलं आणि उमजलेलं यातला फरक तिथे उघडा पडतो.

पालक म्हणतील, डॉक्टर, हे सगळं छान आहे, पण 'नीट'मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. फिजिक्सचेच ४५. तिथे चित्रं काढायला वेळ कुठाय? खरं आहे. परीक्षेत वेग लागतोच. पण वेग शेवटी येतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णावर आम्ही काही सेकंदांत उपचार सुरू करतो, ते आधी पुतळ्यावर तेच तेच सावकाश गिरवलेलं असतं म्हणून. पहिल्या दिवसापासून घड्याळ लावलं, तर मूल फक्त पर्याय ओळखायला शिकतं. आणि वॉर्डात चार पर्याय कोणी देत नाही. मुलाला 'आज किती झाली?' असं विचारण्याऐवजी 'आजचं एक समजावून सांग' असं म्हणून पाहा. तुम्हाला फिजिक्स येत नसेल, तर आणखी उत्तम. त्याला खरंच समजावून सांगावं लागेल.

चूक त्या इंटर्नची एकट्याची नव्हती, हेही सांगायला हवं. गेजवर दोन पट्ट्या असतात, घाईत चुकीची वाचली जाऊ शकते, हे मी त्याला कधी दाखवलं नव्हतं. आता नव्या इंटर्नच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळे अॅम्ब्युलन्समध्ये चढतो, गेज वाचतो आणि सिलिंडर किती मिनिटं चालेल ते काढतो. उत्तर सांगताना ते शक्य कसं आहे, हेही सांगावं लागतं.

भाचीचं सांगायचं राहिलं. तिने ते रक्ताच्या पिशवीचं गणित दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून पुन्हा केलं आणि मला मेसेज पाठवला : "मामा, १९२ मीटर आलं. म्हणजे पिशवी साठ मजली इमारतीच्या गच्चीवर टांगायला लागेल. घनतेचं युनिट चुकलंय बहुतेक. सांगू नकोस, मी शोधते."