गोळा पास, जॉब नापास

गुरुवार हा आमच्या भोसरीच्या कारखान्याचा सुट्टीचा दिवस. त्याच दिवशी सीएमएमचा, म्हणजे जॉब मोजणाऱ्या मशीनचा, जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवायचं ठरलं. जुन्यावर विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट थांबवला, तरी ‘चालतंय ना’ म्हणत आम्ही ते ओढत राहिलो. शेवटी गिऱ्हाइकाच्या ऑडिटरने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी : काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगत सरकणारा पूल आणि पुलातून खाली उतरलेली प्रोब. प्रोबच्या टोकाला रुबीचा मणी. मणी जॉबला टेकला की प्रोब एवढंच सांगते : लागलं. कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनातल्या बारीक नळ्या मोजता याव्यात म्हणून डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ मध्ये ही युक्ती काढली. ‘कुठे’ लागलं, ते मात्र तिन्ही अक्षांवरच्या स्केल सांगतात. पुढचा सगळा घोळ या ‘कुठे’चा.

आयटीतल्या मुलाने दुपारपर्यंत सॉफ्टवेअर टाकलं. पहिलं घोडं अडलं लायसन्सवर, कारण डोंगल जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागेच राहिला होता. दुसरं अडलं कंट्रोलरवर. आमचा कंट्रोलर सीरियल केबलने बोलतो आणि नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला, तर विंडोजने त्याला कॉम ५ नंबर दिला. सॉफ्टवेअर कॉम १ वर हाका मारत बसलेलं! नंबर बदलला आणि पूल हलला. होमिंग झालं, प्रोब कॅलिब्रेट झाली. पंचवीस मिलिमीटरचा मास्टर गोळा मोजला, एका मायक्रॉनचाही फरक नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं. आम्ही चहा घेतला आणि घरी गेलो.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला गिअरबॉक्सच्या हाउसिंगचे जॉब एकामागून एक नापास होऊ लागले. ॲल्युमिनियमचा जॉब, दोन बोअरमधलं अंतर ३२० मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणे १५ मायक्रॉन. रीडिंग येत होतं ३२०.०१७, ३२०.०१९. मी तडक हे जॉब बनवणाऱ्या मशीनवर, व्हीएमसीवर गेलो. तिथले दादा म्हणाले, “सर, सेटिंगला हात लावलेला नाही. बुधवारी हाच प्रोग्रॅम, हेच टूल. तुम्हीच पास केलेत ना?”

मला वाटलं, जॉब गरम असेल. मोजमापाचं ठरलेलं तापमान वीस अंश. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं, म्हणजे ३२० मिलिमीटरला सात. पण जॉब रात्रभर स्टँडर्ड रूममध्ये होते आणि थर्मामीटर २०.४ दाखवत होता. म्हणजे फार तर तीन मायक्रॉन.

मग ऑपरेटर ताईंनी कपाट उघडलं. त्या हाउसिंगचा एक जॉब आम्ही मास्टर म्हणून बाजूला ठेवला आहे, जुन्या रिपोर्टसकट. रिपोर्टमध्ये ३२०.००४. नव्या कॉम्प्युटरवर तोच जॉब ३२०.०१७. जॉब कपाटात बसून तेरा मायक्रॉन वाढत नाही. चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी देत होतो.

मग गोळा बरोबर कसा? ताईंनी शंभरचा स्लिप गेज लावला. रीडिंग १००.००४. शंभरला चार, तीनशे वीसला तेरा. चूक लांबीबरोबर वाढत होती आणि त्या हिशेबाने पंचवीसच्या गोळ्यावर ती जेमतेम एक मायक्रॉन भरते. शिवाय प्रोबच्या मण्याचा व्यास आपण त्याच गोळ्यावर ठरवतो, त्यामुळे तेवढी चूकही त्यात मुरून जाते. ज्या पुस्तकावर शिकवलं, त्यातलाच प्रश्न पेपरात विचारल्यासारखं.

सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला. फोनवरून म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण त्याने पहिल्याच वाक्यात नस पकडली : “काका, कॉम्पेन्सेशन फाइल टाकलीत का?”

पूल कितीही काटेकोर बनवला तरी सरकताना किंचित डोलतो, स्केल किंचित लांब-आखूड असते, अक्ष एकमेकांशी तंतोतंत काटकोनात नसतात. अशा एकूण २१ चुका : प्रत्येक अक्षाच्या सहा आणि तीन काटकोनांच्या. मशीन बसवताना त्या मोजून एका फाइलमध्ये भरतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक रीडिंगमधून त्या वजा करतं. काही मशीनमध्ये ही फाइल कंट्रोलरमध्ये राहते. आमच्यात ती कॉम्प्युटरवर होती. सॉफ्टवेअरच्या सीडीवर ती नसते, कारण ती मॉडेलची नसते, त्या एका मशीनची असते. ती सापडली नाही तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही. चुका शून्य धरून ते निमूट मोजत राहिलं.

जुना कॉम्प्युटर भंगाराच्या खोलीत होता, नशिबाने डिस्कसकट. जुन्या फोल्डरमध्ये काही केबींची ती फाइल निघाली, तारीख मशीन बसवलं त्या आठवड्याची. कॉपी केली, होमिंग केलं, प्रोब पुन्हा कॅलिब्रेट केली. स्लिप गेज १००.०००. मास्टर जॉब ३२०.००५. पुढच्या आठवड्यात इंजिनिअरने येऊन आयएसओ १०३६० प्रमाणे मशीन तपासलं.

काम इथे संपलं नाही. नापास झालेले जॉब चांगले निघाले, त्याचं कौतुक फार नको. मशीन तेरा मायक्रॉन जास्त दाखवत होतं, म्हणजे खरोखर ३१९.९७५ असलेला, आखूड जॉब ३१९.९८८ म्हणून पास होणार. सकाळचा माल घेऊन निघालेला टेम्पो गेटवर थांबवला आणि सगळे जॉब पुन्हा मोजले. त्यात असे दोन सापडले. चुकून नापास झालेल्या जॉबची बाजू मांडायला दादा होते, चुकून पास झालेल्यांविरुद्ध कोणीच ओरडलं नव्हतं.

तेव्हा सीएमएमचा कॉम्प्युटर बदलणार असाल, तर आधी कॉम्पेन्सेशन फाइल, पोर्टचं सेटिंग, प्रोग्रॅम यांची कॉपी घ्या आणि डोंगल कुठे आहे ते बघून ठेवा. बदलल्यावर गोळ्यावर समाधान मानू नका. कपाटातला जुना, लांब जॉब काढून मोजा. आणि जुनी डिस्क निदान सहा महिने भंगारात देऊ नका.