चार माइकमध्ये मेटल ड्रम

कर्जतच्या रेल्वेमार्गावरच्या शेलूत भाड्याच्या खोलीतही मेटल अल्बमचे ड्रम रेकॉर्ड करता येतात. भिंतींना टेकवलेल्या गाद्या खोलीतला घुमारा कमी करतात. बाहेरचा आवाज मात्र त्या अडवत नाहीत. म्हणून कर्जत लोकल गेली की टेक घ्यायचा.

खरी मेख माइकच्या अंतरात आहे. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. स्नेअरपासून वरच्या दोन माइकच्या अंतरांत एवढा फरक पडला, तर ५०० हर्ट्‌झच्या आसपासच्या लाटा एकमेकींना मारतात. फटका पोकळ वाटतो. सुतळीने दोन्ही अंतरं सारखी करा. तिसरा माइक स्नेअरजवळ, चौथा किकच्या आत, बीटरकडे रोखून. वेगवान डबल किकमध्ये बीटरची ‘टक’च ठोके सुटे ऐकवते. चारच माइक घेऊन उरलेले पैसे नव्या ड्रमहेडवर घाला. जुनाट, सैल पडद्याचा आवाज कुठलाही माइक सुधारत नाही.