हॅलोवीन आणि एक निनावी वाचक

अलीकडे ऑक्टोबर संपत आला की शहरांतल्या मोठ्या दुकानांत प्लास्टिकचे भोपळे, टोकदार काळ्या टोप्या आणि कापसाची कोळिष्टके दिसू लागतात. परवा माझ्या भाचीने विचारले, "मामू, हॅलोवीन म्हणजे भुतांची दिवाळी ना?" मी 'नाही' म्हणालो खरा, पण मग ते काय आहे हे सांगायला बसलो, तर बोलणे भोपळ्यावरून पुस्तकांवर कधी गेले ते दोघांनाही कळले नाही. तेच आज तुमच्याशी बोलावे म्हणतो.

आधी शब्दाविषयी. यातल्या 'हॅलो'चा टेलिफोनवरच्या 'हॅलो'शी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तो संतसज्जनांसाठीचा शब्द. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस. त्याच्या आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, ती हॅलोवीन. तिची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या 'साउइन' या जुन्या सणात शोधतात. सुगी संपलेली, गुरे गोठ्यात आणलेली, हिवाळा दारात. अशा सांध्यावर मेलेल्यांची आणि जिवंतांची दुनिया जवळ येते अशी समजूत. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ते अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मुबलक आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला.

आता पुस्तकांचे. गंमत अशी की, इंग्रजांची भुताच्या गोष्टींची खरी हक्काची वेळ हॅलोवीन नव्हे, नाताळ होती. डिकन्सने आपली प्रसिद्ध भूतकथा 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ साली नाताळासाठीच लिहिली. केंब्रिजचे विद्वान एम. आर. जेम्स दर नाताळात मित्रमंडळींना जमवून स्वतःच्या भयकथा वाचून दाखवत. वाचनाशी हॅलोवीनचे नाते जोडण्याची एक गोड सूचना मात्र २०१० मध्ये नील गेमन या लेखकाने केली. त्या आठवड्यात एकमेकांना एखादे भीतीदायक पुस्तक भेट द्या, असे त्याचे म्हणणे. आपल्याला पोशाख आणि भोपळे नकोत तर नकोत. पण ही सूचना घ्यायला काय हरकत आहे?

मला विचाराल तर त्या रात्रीसाठी मी मेरी शेलीची 'फ्रँकेनस्टाइन' ही कादंबरी सुचवीन. तिच्यात हॅलोवीनचा उल्लेख नाही. पण तिच्यातल्या प्राण्याचा डोळा उघडतो तो नोव्हेंबरातल्या एका पावसाळी रात्रीच.

ही कादंबरी कशी सुचली, ते लिहिणाऱ्यांनी तरी जरूर ऐकावे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ इतकी वर गेली की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही. त्या १८१६ च्या थंड, ओल्या जूनमध्ये स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराकाठी, कवी बायरन व्हिला दिओदाती नावाच्या घरात उतरला होता. सोबत त्याचा डॉक्टर पॉलिडोरी. शेजारी कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर. बाहेर पाऊस, आत शेकोटी. जर्मन भूतकथांचा फ्रेंच अनुवाद वाचता वाचता बायरन म्हणाला, आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहू या.

दोन थोर कवींची ही पैज. पण त्यांच्या गोष्टी अर्ध्यावरच विरल्या. पॉलिडोरीने बायरनचा एक टाकून दिलेला तुकडा उचलला आणि त्यावरून रक्तपिपासू उमरावाची कथा रचली. ती १८१९ मध्ये छापून आली, तीही बायरनच्या नावावर. पुढे १८९७ मध्ये आलेल्या ड्रॅक्युलाचा तो एक पूर्वज. मेरीला मात्र काही सुचेना. 'सुचली का गोष्ट?' असे रोज सकाळी तिला विचारले जाई आणि रोज 'नाही' म्हणावे लागे. ही लाज तिने पंधरा वर्षांनी, १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मोकळेपणी सांगितली आहे. आमच्यासारख्या कवींना, संपादकांना तोंड चुकवणाऱ्यांना, ही प्रस्तावना फार धीर देते.

मग एके रात्री जीवनशक्ती म्हणजे काय, विजेने मेलेले शरीर हलवता येईल का, अशी चर्चा बायरन आणि शेली करत बसले. मेरी ऐकत होती. अंथरुणावर पडल्यावर तिच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले: प्रेतांचे अवयव जोडून केलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून बसलेला एक फिकट विद्यार्थी, आणि तो देह हलू लागतो.

इथवरची कथा बहुतेकांना माहीत असते. पण त्याआधीचे एक वर्ष कोणी फारसे सांगत नाही. फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. ती मार्चच्या सुरुवातीला गेली. तिचे नावही नोंदीत सापडत नाही. पुढे दोन आठवड्यांनी मेरीने आपल्या रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवले: बाळ मेले नव्हते, फक्त गारठले होते, शेकोटीपुढे अंग चोळल्यावर ते जिवंत झाले. जाग आली तेव्हा बाळ नव्हते. स्वतः मेरी अकरा दिवसांची असताना तिची आई, लेखिका मेरी वोलस्टनक्राफ्ट, बाळंतरोगाने गेली होती. आईच्या थडग्यापाशी बसून पुस्तके वाचत ही मुलगी मोठी झाली. अशा मुलीला मेलेल्यात जीव भरण्याची गोष्ट सुचली, तर ती केवळ विजेच्या चर्चेने सुचली असे मला वाटत नाही.

आता कादंबरीतला प्राणी. आधी एक चूक दुरुस्त करू. फ्रँकेनस्टाइन हे त्याचे नाव नव्हे. ते त्याला घडवणाऱ्या विद्यार्थ्याचे, व्हिक्टरचे. प्राण्याला नावच नाही. तो डोळे उघडतो आणि त्याचे रूप पाहून व्हिक्टर पळून जातो. सिनेमात, विशेषतः १९३१ च्या गाजलेल्या चित्रपटात, तो गुरगुरणारा मुका राक्षस झाला. पुस्तकात तो अतिशय चांगले बोलतो. आणि तो भाषा शिकतो कशी, हा माझ्या मते कादंबरीचा प्राण आहे.

जंगलात भटकून तो एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपतो. फळीत एक बारीक फट आहे. तिला डोळा लावून तो त्या माणसांना महिनोन्महिने पाहतो, ऐकतो. पहिले शब्द कळतात ते विस्तव, दूध, पाव, लाकूड. आधी तो त्यांचे अन्न चोरतो. पण त्यांचीच उपासमार होते हे कळताच ते सोडून कंदमुळांवर राहतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. मग त्या घरी साफी नावाची मुलगी येते. तुर्की व्यापाऱ्याची लेक, आई अरब. तिला त्यांची भाषा येत नाही. घरातला मुलगा फेलिक्स तिला शिकवू लागतो. फटीपलीकडचा हा चोरटा विद्यार्थी तिच्याहून लवकर शिकतो, अक्षरेसुद्धा! पुढे जंगलात पडलेली पुस्तके मिळतात. मिल्टनचे महाकाव्य, प्लुटार्कची चरित्रे, गटेची कादंबरी. ती तो खऱ्या घडलेल्या गोष्टी समजून वाचतो. एवढा भुकेला वाचक मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत पाहिलेला नाही.

हा भाग वाचताना मला आमचे तालुक्याचे गाव आठवते. आमच्या घरात दखनी बोलत. शाळेत जाण्याआधी मराठी माझ्या कानावर आली ती मधल्या भिंतीतून. शेजारच्या काकू दिवेलागणीला मुलांकडून पाढे म्हणून घेत. मी अलीकडे बसून पावकी-निमकी पाठ केली, अर्थ न कळता. एकदा मोठ्याने म्हणालो तेव्हा काकूंना कळले. त्यांनी हाक मारली, "भिंतीला काय सांगतोस? आत ये." माझी मराठी तिथून सुरू झाली.

त्या प्राण्याला अशी हाक आली नाही. घरातला म्हातारा आंधळा आहे. इतर बाहेर गेलेले पाहून तो त्याच्यापाशी जातो आणि बोलतो. म्हाताऱ्याला फक्त आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज त्याला भल्या माणसाचा वाटतो. (मी हे माइकसमोर बसून बोलतो आहे. तुम्हालाही माझा चेहरा दिसत नाही. असो.) तेवढ्यात मुले परततात. फेलिक्स काठीने मारत सुटतो. पुढे जे खून होतात, ज्यांसाठी लोक हे पुस्तक भयकथा म्हणून वाचतात, त्यांचा उगम त्या काठीत आणि त्याआधी व्हिक्टरच्या पळून जाण्यात आहे. म्हणून प्राण्याला माफ करावे असे मी म्हणत नाही. पहिला बळी एका लहान मुलाचा आहे. ते पान मला आजही वाचवत नाही.

आपल्याकडे नारायण धारपांनी परदेशी भयकथांची कितीतरी बीजे मराठीत रुजवली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आजही वाचकाला रात्री दिवा लावायला लावतात. तीही पुस्तके कपाटातून काढायला हेच निमित्त चांगले. 'फ्रँकेनस्टाइन'ची सुरुवात काहींना जड जाते. कंटाळा आला तर सरळ अकराव्या प्रकरणाकडे जा; तिथून सोळाव्यापर्यंत तो प्राणी स्वतःच बोलतो. ही प्रकरणे १८३१ च्या आवृत्तीतली. १८१८ ची पहिली आवृत्ती तीन भागांत आहे आणि तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते.

हे सगळे ऐकून भाचीने विचारले, "मग त्याचे नाव कोणीच का ठेवले नाही?" मी तिला १८१५ मधल्या त्या बाळाविषयी सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली. मग पुस्तक घेऊन गेली. तिने आणलेला भोपळा मात्र खरा निघाला. तो माझ्या बहिणीने भाजीला घेतला.