मनीऑर्डरीवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर हा स्पॅनिश भाषिक देश आकाराने सुमारे २१ हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम अडीचपट. एवढ्या दूरच्या देशाच्या अर्थकारणाचा विचार गुहागरकरांनी का करावा, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परदेशी गेलेल्या माणसांनी घरी धाडलेल्या पैशाला तेथे 'रेमेसास' म्हणतात. कोकणाने हाच पैसा अनेक पिढ्या मनीऑर्डर या नावाने ओळखला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो देश कॉफीवर जगला. जमीन मूठभर घराण्यांच्या हाती आणि कसणारा बहुधा भूमिहीन, अशी तेथील स्थिती होती. या विषमतेतून पेटलेले यादवी युद्ध १९८० ते १९९२ पर्यंत चालले. सुमारे ७५ हजार माणसे प्राणास मुकली आणि लाखोंनी अमेरिकेची वाट धरली. त्यांनी पाठविलेली रक्कम अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहूनही अधिक भरते. २००१ साली तर त्या देशाने स्वतःचे चलन बाजूस सारून डॉलर स्वीकारला. या पैशाने घरे बांधली गेली, मुले शिकली, दारिद्र्याची धार बोथट झाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यातील बराचसा भाग उपभोगात व आयात मालात खर्च झाला. शेती व उद्योग यांना त्यामानाने थोडेच बळ मिळाले, आणि तरुणांची पावले देशाबाहेरच वळत राहिली.

कोकणाची कहाणी याहून फारशी निराळी नाही. खोतीचा जाच आणि पावसाच्या भरवशावरचे भाताचे एकच पीक यांमुळे येथील माणूस मुंबईच्या गिरण्यांत गेला. १९४९ च्या कायद्याने खोती गेली; मुंबईची वाट मात्र वाहतीच राहिली. १९८२ च्या संपाने गिरणीचा भोंगा थांबला, तेव्हा तिच्यावर चालणारी गावची चूलही मंदावली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर घसरली. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ता पुरुष बाहेरगावी, हाच या आकड्याचा मुख्य अर्थ होय.

यावर उपाय म्हणून बाहेरचे मोठे भांडवल आणावे, असे कोणी म्हणेल. गुहागर तालुक्याने तोही प्रयोग अनुभवला आहे. अंजनवेलजवळचा दाभोळ वीज प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षअखेर एन्रॉन ही त्याची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्राच्या पुढाकाराने नवी कंपनी स्थापून तो पुन्हा उभा करावा लागला. मनीऑर्डर असो वा महाप्रकल्प, उत्पन्नाचा उगम आणि निर्णयाचा अधिकार दोन्ही बाहेर असले, की गावाच्या हाती केवळ वाट पाहणे उरते.

अर्थात दोन्ही प्रदेशांत एक मोठा भेद आहे. आपला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी येतो; त्याला सीमा ओलांडावी लागत नाही, पारपत्र लागत नाही. गावाशी असलेला हा जिव्हाळा आर्थिक दृष्ट्याही मोलाचा आहे. त्याच्या पैशाने आधी घर चालावे, हे योग्यच. प्रश्न उरतो तो शिलकीचा. गुहागरच्या बँकशाखांत जमणाऱ्या ठेवींपैकी किती रक्कम येथल्या काजूप्रक्रियेला, कोकमाच्या व्यवसायाला, मासळी साठविण्याच्या सोयींना किंवा नारळ-सुपारीच्या वाड्यांना कर्जरूपाने मिळते? ग्रामसभांनी व सहकारी संस्थांनी हा हिशेब दरवर्षी बँकांकडे मागावयास हवा. बाहेरून किती पैसा आला याची मोजदाद आपण पुष्कळ केली. त्यातला किती येथे रुजला, याची मोजदाद अद्याप व्हावयाची आहे.