सावली पुसणारा दिवा

मुर्रीच्या शिवारात रोवणी चालू असताना तुम्ही आपल्या सावलीकडे कधी पाहिले आहे का? ऊन असले की धुऱ्यावर ती काळीभोर, रेखीव पडते. आषाढातला ढग आला की दिसेनाशी होते. उजेड तर असतो. मग सावली जाते कोठे?

आकाशात सूर्याचे बिंब केवळ अर्ध्या अंशाएवढे दिसते. उगम इतका लहान असल्याने गडद प्रच्छायेभोवती फिकट उपच्छायेची कड अगदी अरुंद राहते. ढगातील असंख्य जलबिंदू मात्र प्रकाशाचे विकिरण करतात आणि सारे आकाशच एक प्रचंड दिवा बनते. एका बाजूने पडलेली सावली दुसऱ्या बाजूचा प्रकाश पुसून टाकतो.

हा दिवा ज्याला ओळखता येतो, तो खरा छायालेखक. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले अविनाश अरुण हे त्यांपैकी एक. ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शन आणि छायालेखन दोन्ही त्यांनीच केले. वडील वारल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची ही गोष्ट. पावसाळी आभाळाखाली त्याचे एकटेपण कोणी मुद्दाम दिवे लावून दाखवत आहे, असे वाटतच नाही. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी या चित्रपटाला ‘क्रिस्टल बेअर’ हे पारितोषिक दिले. पुढे ‘मसान’ (२०१५) या हिंदी चित्रपटाचे छायालेखन त्यांनी केले आणि ‘थ्री ऑफ अस’ (२०२३) मधून ते पुन्हा कोकणाकडे वळले.

ढगाचा दिवा फुकट मिळतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. दाट ढगांखाली उजेड उन्हाच्या सुमारे आठव्या हिश्शावर येतो. तेवढाच प्रकाश आत घ्यायचा, तर भिंगाच्या छिद्राचा व्यास सुमारे २.८ पट करावा लागतो. छिद्र मोठे केले की पुढचे-मागचे धूसर होते. थोडे अंतर चुकले तरी चेहरा अस्पष्ट येतो. शिवाय मध्येच ऊन पडले, तर आधीचे आणि नंतरचे चित्र जुळत नाही.

मग ढगच घरात आणता येईल का? सुब्रत मित्र यांनी तो आणला. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. खऱ्या अंगणात उजेड वरच्या आकाशातून झिरपतो. दिव्यांच्या सावल्या दिसल्या असत्या, तर सारे खोटे ठरले असते. मित्रांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचे झोत खालून त्यावर टाकले. कापडावरून अनियमित परावर्तन होऊन उजेड आकाशासारखा खाली पसरला.

आज रात्री तुम्हीही करून पाहा. अंधाऱ्या खोलीत पेन्सिल उभी करून तिच्यावर विजेरीचा झोत टाका आणि सावली पाहा. नंतर विजेरी पांढऱ्या भिंतीकडे वळवा. सावलीच्या कडेचे काय झाले?