'विश्वसुंदरी' : एका पदाचा विचार

१

'पद' या शब्दाचे दोन अर्थ मराठीत नित्य वापरात आहेत. व्याकरणात पद म्हणजे वाक्यात योजलेला शब्द; व्यवहारात पद म्हणजे काही अधिकार, काही कर्तव्ये व बहुधा काही मुदत असलेली जागा. 'विश्वसुंदरी' हे पहिल्या अर्थाने पद आहे, याविषयी कोणी शंका घेणार नाही. ते दुसऱ्या अर्थानेही पद आहे काय, आणि असल्यास ते धारण करणाऱ्या व्यक्तीच्या चरित्राकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी रीटा फारिया यांचे चरित्र घेतले आहे. १९६६ साली 'मिस वर्ल्ड' हा किताब मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, किंबहुना पहिल्या आशियाई स्त्री होत.

या विषयाकडे लक्ष वळण्यास निमित्त झाले ते वर्गातील एका अभ्यासाचे. चरित्रलेखनातील पहिल्या वाक्याची रचना तपासण्यासाठी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना काही व्यक्तींचा परिचय एकेका वाक्यात लिहावयास सांगितले होते. रीटा फारिया यांच्याविषयी जवळजवळ सर्वांनी एकच वाक्य लिहिले : 'रीटा फारिया या पहिल्या भारतीय विश्वसुंदरी होत.' वाक्यात चूक काहीच नाही. परंतु ज्या व्यक्तीचे पुढील सारे कार्य वैद्यकाच्या क्षेत्रात झाले, तिच्या परिचयाच्या वाक्यात 'डॉक्टर' हा शब्द कोणासही आवश्यक वाटू नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी खरीच. विद्यार्थ्यांपैकी बरेच वसई-विरार परिसरातील होते. त्यांच्यापैकी एकीने वेगळाच प्रश्न केला : "सर, फारिया म्हणजे आपल्या वसईकडच्या का?" प्रथम या प्रश्नाचाच विचार करू, कारण तो नावांविषयीचा आहे, आणि किताब हेही शेवटी एक नावच असते.

२

वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे होता. त्या काळात धर्मांतर केलेल्या कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली. हीच गोष्ट साष्टीत, मुंबईत व गोव्यात घडली. त्यामुळे आज एकच आडनाव वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरात, मुंबईच्या ईस्ट इंडियन घरात आणि गोवेकर घरात आढळू शकते. घरात बोलली जाणारी भाषा मात्र निरनिराळी असते. वसईत सामवेदी, म्हणजेच कादोडी, किंवा वाडवळी बोली, गोव्यात कोंकणी. अर्थात आडनावावरून ते कोणी दिले एवढे कळते. माणूस कोठला हे कळत नाही. 'ईस्ट इंडियन' हे नाव तर मुंबईच्या स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, स्वतःच घेतले. गोवा व मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहो, हे इंग्रज सरकारच्या लक्षात आणून देणे हा त्यामागील हेतू होता.

तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे : रीटा फारिया वसईच्या नव्हेत. त्यांचा जन्म मुंबईचा, कुटुंब मूळचे गोव्याचे. परंतु तिच्या प्रश्नातून एक भेद हाती लागतो, तो पुढे उपयोगी पडणारा आहे. काही नावे बाहेरून मिळतात, काही आपण घेतो. आणि नाव कसे आले यावर त्याचा अर्थ बराचसा अवलंबून असतो.

३

आता मूळ पदाकडे वळू. इंग्रजीत 'मिस' हा शब्द अविवाहित स्त्रीच्या नावापूर्वी, विशेषतः आडनावापूर्वी येतो : मिस फारिया. 'मिस बॉम्बे', 'मिस इंडिया' आणि 'मिस वर्ल्ड' या रचनांत आडनावाची जागा स्थलनामाने घेतली आहे. कुटुंबाचे नाव जाऊन तेथे प्रथम शहराचे, मग देशाचे आणि शेवटी जगाचे नाव येते. १९६६ या एकाच वर्षात रीटा फारिया यांनी ही तिन्ही नावे धारण केली. त्या काळी राष्ट्रीय स्पर्धा स्त्रियांच्या इंग्रजी नियतकालिकांच्या आश्रयाने भरत. त्यांना मिळालेला 'मिस इंडिया' हा किताब 'ईव्हज वीकली'चा होता. 'फेमिना'ची स्पर्धा वेगळी असे.

मराठीने हे नाव घेताना 'मिस' गाळला आणि 'सुंदरी' हा शब्द आणला. 'विश्वसुंदरी' व 'जगत्सुंदरी' हे दोन्ही सामासिक शब्द वृत्तपत्रांनी रूढ केले. 'मिस वर्ल्ड' व 'मिस युनिव्हर्स' या दोन स्पर्धांमधील भेद मात्र त्यांत नीटसा राहिला नाही. या भाषांतरात एक महत्त्वाची गोष्ट घडली. इंग्रजी नावात सौंदर्याचा उल्लेखच नाही, तेथे केवळ प्रतिनिधित्व सूचित होते; मराठी नावात गुणवाचक शब्दच मुख्य झाला. त्यामुळे हा किताब म्हणजे व्यक्तीच्या अंगचा एक गुण होय, असा समज मराठीत अधिक सहजपणे होतो.

तथापि आपल्या भाषेच्या वापरातच या समजाचे खंडन आहे. त्याची दोन गमके देता येतील.

पहिले गमक 'माजी' या विशेषणाचे. आपण 'माजी मंत्री', 'माजी प्राचार्य', 'माजी नगरसेवक' असे म्हणतो. 'माजी कवी' किंवा 'माजी विद्वान' असे म्हणत नाही. 'माजी' हा शब्द मुदतीच्या पदाला लागतो, गुणाला लागत नाही. 'माजी सुंदरी' हा प्रयोग विनोदाखेरीज कोणी करणार नाही. पण 'माजी विश्वसुंदरी' हा प्रयोग आपण रोज वाचतो आणि तो कानाला खटकत नाही. म्हणजे 'सुंदरी' हा गुण असला तरी 'विश्व' हे पूर्वपद जोडले जाताच त्याचे अधिकारपद होते.

दुसरे गमक क्रियापदाचे. 'ती डॉक्टर झाली' हे वाक्य शुद्ध आहे. 'ती डॉक्टर ठरली' हे नाही. याउलट 'ती विश्वसुंदरी ठरली' हे वाक्य स्वाभाविक वाटते. 'होणे' या क्रियापदाने कर्त्यामध्ये घडलेला पालट सांगितला जातो. 'ठरणे' यात निर्णय दुसऱ्यांचा असतो. 'विश्वसुंदरी झाली' असाही प्रयोग आढळतो हे खरे, पण 'डॉक्टर ठरली' असा कधीच आढळत नाही. एक पद इतरांच्या निर्णयाने मिळते व मुदत संपताच जाते. दुसरे स्वतःच्या परिश्रमाने अंगी येते व राहते.

४

रीटा फारिया यांच्या चरित्रात ही दोन्ही पदे शेजारी शेजारी आली. १९६६ साली त्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या. १८४५ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय व त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय हे त्यांचे नित्याचे कार्यक्षेत्र. १७ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या लायसियम सभागृहात ५१ स्पर्धकांतून त्यांची निवड झाली. ती वेळ परकीय चलनाच्या कडक निर्बंधांची होती. आपल्याजवळ केवळ तीन पौंड होते आणि पोशाखही उसने आणलेले होते, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. आजच्या स्पर्धक तरुणींमागे शिक्षक, वेषकार, प्रायोजक यांचा जो ताफा असतो, त्याच्याशी तुलना केली म्हणजे मधल्या काळात काय बदलले हे ध्यानात येते.

निवडीनंतर एक वर्षाचा करार सुरू झाला. हे अधिकारपद आहे याचा प्रत्यय त्या वर्षात लगेच आला. डिसेंबर १९६६ मध्ये अमेरिकन विनोदी नट बॉब होप यांच्या पथकाबरोबर त्या व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपुढील कार्यक्रमात गेल्या, आणि भारतात त्यावर टीका झाली. या वादाचे मूळ किताबाच्या रचनेतच होते, असे म्हणावयास हरकत नाही. आयोजकांच्या दृष्टीने त्या कराराने बांधलेल्या पदाधिकारी होत्या. देशाच्या दृष्टीने त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. आणि व्हिएतनाम-युद्धाविषयी भारताची भूमिका अमेरिकेहून भिन्न होती. 'मिस इंडिया' व 'मिस वर्ल्ड' ही दोन नावे एकाच व्यक्तीने धारण केली म्हणजे ती दोन धन्यांना उत्तरदायी होते. ज्या आडनावाच्या जागी देशाचे नाव बसविले गेले, ते आडनाव असणाऱ्या तरुणीचे स्वतःचे मत काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

वर्ष संपले तेव्हा चित्रपट व जाहिराती यांची वाट त्यांना मोकळी होती. ती त्यांनी स्वीकारली नाही. त्या वैद्यकाच्या अभ्यासाकडे परतल्या, ग्रँट मेडिकलमधील पदवी पूर्ण केली आणि लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात पुढील शिक्षण घेतले. १९७१ साली डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला व १९७३ साली हे दांपत्य डब्लिनला गेले. मिस वर्ल्ड झालेल्या स्त्रियांत डॉक्टर झालेल्या त्या पहिल्याच. किताबाशी त्यांनी वैर मात्र धरले नाही. पुढे अशा स्पर्धांत परीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. त्यांनी ते पद पदासारखे वागविले, मुदत पुरी केली आणि सोडले, एवढेच म्हणावयाचे.

५

येथे एक आक्षेप संभवतो. डॉक्टरकी श्रेष्ठ व रूपेरी पडदा कनिष्ठ, असा उपदेश या चरित्रातून काढावयाचा आहे काय? तसे मुळीच नाही. रीटा फारिया यांच्यानंतर २८ वर्षांनी, १९९४ साली ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाल्या. १९९७ मध्ये डायना हेडन, १९९९ मध्ये युक्ता मुखी व २००० मध्ये प्रियांका चोप्रा. १९९१ नंतरच्या खुल्या बाजारपेठेत या किताबाचे स्थान बदलले होते. तो आता चित्रपट व जाहिरात या व्यवसायांचा उंबरठा झाला होता. २०१७ सालच्या विजेत्या मानुषी छिल्लर याही वैद्यकाच्या विद्यार्थिनी. त्या पुढे चित्रपटांत गेल्या. एकच किताब, एकच विद्याशाखा आणि दोन भिन्न वाटा. दोन्ही वाटा त्या त्या स्त्रीने निवडलेल्या होत. व्याकरण निवड सांगू शकते, तिची किंमत ठरवू शकत नाही.

या पदावरच आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांचा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. १९७० साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बॉब होप निवेदन करीत असतानाच स्त्रीमुक्तिवादी तरुणींनी पिठाच्या पुड्या फेकून स्पर्धा रोखली. १९९६ साली बंगळूरच्या स्पर्धेविरुद्धही निदर्शने झाली. 'ठरणे' या क्रियापदातील निर्णय कोणाचा व कोणत्या मापाने, हाच त्यांचा प्रश्न होता. त्याचा परिणाम नियमांवर हळूहळू होत गेलेला दिसतो. २०२३ पासून 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेत विवाहित स्त्रियांना व मातांनाही प्रवेश आहे; नावातील 'मिस' मात्र कायम आहे. अर्थ पुढे जातो आणि शब्द मागे राहतो, याचे भाषेच्या अभ्यासकास सहज पटणारे हे उदाहरण होय.

६

विरारहून सुटणाऱ्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या तरुणींत वैद्यकाच्या, विधीच्या, वाङ्मयाच्या विद्यार्थिनी असतात, तशा अभिनयाच्या व रूपस्पर्धांच्या चाचण्यांना जाणाऱ्याही असतात. कित्येकदा दोन्ही ध्येये एकाच पिशवीत असतात. त्यांना कोणता मार्ग धरा हे सांगण्याचा अधिकार आम्हां अध्यापकांस नाही. परंतु मिळू शकणाऱ्या प्रत्येक नावाविषयी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे भाषेच्या अध्यापकाचे काम निश्चितच आहे. हे नाव कोण देतो? ते किती काळासाठी देतो? आणि त्याच्या मोबदल्यात काय मागतो? ज्या प्रदेशातील लोकांनी परकी आडनावे घेऊनही घरातील बोली टिकवून धरली, तेथील विद्यार्थ्यांना हे प्रश्न अवघड जाऊ नयेत.

त्या अभ्यासाचा दुसरा भाग पुढील तासास झाला. वरील चर्चेनंतर वाक्य पुन्हा लिहावयास सांगितले, तेव्हा वसईविषयी प्रश्न विचारणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने लिहिले : 'डॉ. रीटा फारिया-पॉवेल या वैद्यकाची विद्यार्थिनी असताना एक वर्ष विश्वसुंदरी होत्या.' या वाक्यात पूर्वीची एकही माहिती गळलेली नाही. केवळ मुदतीचे पद मुदतीच्या जागी आणि कायमचे पद नावापूर्वी आले आहे.