मोबाईलवर एसजीपीए कसा काढायचा? माझी चूक तुम्ही करू नका

मी भातकुलीचा. अमरावतीला कॉलेजात असताना एका इंटर्नशिपला किमान ७.७५ एसजीपीए हवा होता. एसटीत बसल्या बसल्या मी ग्रेड पॉइंटची साधी सरासरी काढली. ७.५ आली, म्हणून फॉर्मच भरला नाही. नंतर कळलं, हिशेबच चुकला होता! जास्त क्रेडिटच्या विषयाचं वजन जास्त धरायचं असतं.

स्टेप १: प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट लिहा. यूजीसीच्या १० पॉइंटच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६.

स्टेप २: कॅल्क्युलेटरवर दोन्हींचा गुणाकार करा. माझे असे होते:
४ × ९ = ३६
४ × ८ = ३२
२ × ७ = १४
२ × ६ = १२
बेरीज ९४.

स्टेप ३: बेरजेला एकूण क्रेडिटने भागा. ९४ ÷ १२ = ७.८३. म्हणजे मी पात्र होतो!

सीजीपीएसाठी सगळ्या सेमिस्टरच्या अशा बेरजा एकत्र करून एकूण क्रेडिटने भागा. टक्के काढताना मात्र सरळ १० ने गुणू नका, आपल्या विद्यापीठाचं सूत्र बघा. आणि फॉर्म सोडण्याआधी हिशेब एकदा परत करून पाहाच.